चिमीला घेऊन माटुंग्याला

मित्रांनो, हॉटेलात जायचं म्हटलं की तुम्ही एका पायावर तयार असता. पण घरात तीन-चार वर्षांचं एखादं चिल्लंपिल्लं असेल, तर तेव्हा आईचा चेहरा जरा नीट बघा. तिच्या पोटात गोळा आलेला असतो. बिलाचं सोडा हो! हे पोर तिथे काय सांडेल, कुठल्या टेबलाखाली शिरेल आणि नेमकं कधी भोकाड पसरेल, याची तिला काळजी असते.

आमच्याकडे या काळजीचं नाव चिमी. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय वर्षं चार. तिचा दादा बंटी चौथीत आहे आणि तो अगदी शहाण्यासारखा वागतो, निदान चिमी शेजारी असताना तरी. गेल्या हिवाळ्यात बंटीने हट्टच धरला, "मावशी, तू नेहमी माटुंग्याच्या इडलीचं सांगतेस. मग ने की एकदा!" बहीण म्हणाली, "चिमीला घेऊन? नको गं बाई." पण शेवटी ठरलं.

आम्ही राहतो डोंबिवलीला. रविवार म्हणजे मध्य रेल्वेवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक, आणि तोही पुष्कळदा माटुंगा ते मुलुंड. मग धीम्या गाड्या जलद मार्गावरून पळतात आणि आपण बसतो हात चोळत. म्हणून आम्ही सकाळी साडेसहाचीच धीमी गाडी पकडली. दुसराही एक फायदा होता. लहान मुलांना घेऊन हॉटेलात जायचं तर सकाळी लवकर जावं, हे मी अनुभवाने शिकले आहे. नऊनंतर माटुंग्याच्या हॉटेलांबाहेर नंबर लागतात. भूक लागलेलं चार वर्षांचं मूल रांगेत उभं करणं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक!

माटुंगा स्टेशनची एक गंमत बंटीला गाडीतच सांगितली. २०१७ साली हे आपल्या देशातलं पहिलं असं उपनगरी स्टेशन ठरलं, की जिथला सगळा कारभार बायकांकडे देण्यात आला. स्टेशन मास्तर, तिकीट तपासनीस, पोलीस, सगळ्या बायका. "मग पुरुष काय करायचे?" बंटीने विचारलं. "गाडीतून उतरायचे आणि इडली खायला जायचे," त्याची आई म्हणाली.

पूर्वेला बाहेर पडलं की पहिल्यांदा नाकाला कळतं आपण कुठे आलो ते. एकीकडून मोगऱ्याचा वास, दुसरीकडून कॉफीचा. फुलवाल्यांच्या दुकानांत केळीच्या पानांच्या गुंडाळ्या, अबोलीचे गजरे, तुळशीचे हार. पुढे किंग्ज सर्कलपर्यंत रस्ते कसे आखल्यासारखे सरळ आणि झाडांच्या सावलीतले! ते खरोखरच आखलेले आहेत, बरं का. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट मेली. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने मुंबईच्या सुधारणेसाठी एक ट्रस्ट नेमला, आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या हवेच्या नव्या वस्त्या बांधायचं ठरलं. दादर, माटुंगा, वडाळा हे त्यातलेच भाग. गोल बाग, तिच्याभोवती गोल रस्ता, असं किंग्ज सर्कल त्यातूनच झालं. त्या बागेला आता महेश्वरी उद्यान म्हणतात.

या नव्या वस्तीत मद्रासकडची पुष्कळ मंडळी राहायला आली. कुणी कारकून, कुणी टायपिस्ट, कुणी हिशेबनीस. त्यांत एकटे पुरुष बरेच. घर शेकडो मैल दूर, खोलीवर चूल नाही, आणि सकाळी आठच्या गाडीने ऑफिस गाठायचं. मग खायचं कुठे? याचं उत्तर घेऊन आले उडुपीकडचे लोक.

उडुपी हे कर्नाटकच्या किनाऱ्यावरचं गाव. तिथलं कृष्णाचं देऊळ प्रसिद्ध आहे. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी ते स्थापन केलं. देवळात रोज पंगती उठतात, त्यामुळे मोठमोठ्या हंड्यांत, कांदा-लसूण न घालता चविष्ट रांधणारे आचारी त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. ते रोजगारासाठी बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा स्वयंपाकही निघाला. (आता उडुपी हॉटेलात ओनियन उत्तप्पा मिळतो, तो भाग वेगळा!) माटुंग्याला राम आश्रय निघालं १९३९ साली, कॅफे मद्रास १९४० साली, आणि केळीच्या पानावर जेवण वाढणारं ए. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ साली. रामा नायक स्वतः अगदी लहानपणी मुंबईत आले होते आणि हॉटेलात पडेल ते काम करत करत वर चढले होते.

आम्ही गेलो ते हॉटेल या तिघांपैकी नव्हे. त्याचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

आत शिरलो तर टेबलं संगमरवरी, खुर्च्या लाकडी, आणि गल्ल्यामागे कृष्णाची तसबीर. चिमीने शिरल्या शिरल्या खुर्चीवर बसायला नकार दिला. तिला उभं राहायचं होतं. तेसुद्धा खुर्चीवर! तेवढ्यात आमचे वेटर आले. पासष्टीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, कपाळावर गंधाची उभी रेघ. गल्ल्यावरचे मालक त्यांना 'अण्णा' म्हणत होते, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणू लागलो.

बंटीने बोर्ड मोठ्याने वाचायला घेतला. "इडली, मेदूवडा, रसमवडा, रवा डोसा, बन्स... बन्स? ते तर बेकरीत मिळतात!"

"ते बन वेगळं," अण्णा म्हणाले. "हे आमच्या मंगळूरचं. खाऊन बघ. गोड हाय."

हे बन्स, मित्रांनो, तुमच्या धाकट्या भावंडांसाठी अगदी उत्तम. पिकलेली केळी कुस्करून त्यात मैदा, दही, थोडी साखर आणि जिरं घालून पीठ भिजवतात, रात्रभर ठेवतात आणि सकाळी जाडसर पुऱ्या लाटून तळतात. फुगून टम्म होतात. वरून लालसर, आत मऊ जाळीदार. घरी केळी काळी पडली की आई ती खपवायच्या मागे लागते ना? तिला हे सांगा. तर आम्ही मागवले बन्स, दोन प्लेट इडली, एक साधा डोसा. बहिणीने रसमवडा मागवला आणि तिथेच चुकलं.

अण्णांनी काही लिहून घेतलं नाही. तिथूनच भटारखान्याकडे तोंड करून एक आरोळी ठोकली आणि पाचव्या मिनिटाला डाव्या हातावर कोपरापर्यंत बशा रचून हजर! बंटी बघतच राहिला.

इडली इतकी पांढरी आणि हलकी, की चमच्याने दाबली तर पुन्हा वर येत होती. बंटीला तिच्यातली छिद्रं दिसली. मग मला शिक्षकीण व्हावं लागलं. तांदूळ आणि उडदाची डाळ वेगवेगळी भिजवून वाटतात, एकत्र करून रात्रभर झाकून ठेवतात. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव त्या पिठावर ताव मारतात आणि वायू सोडतात. उडदाच्या चिकटपणामुळे तो वायू पिठात अडकून राहतो, पीठ फुगतं आणि वाफवलं की जाळी पडते. "म्हणजे आपण सूक्ष्मजीवांचं उष्टं खातो?" बंटीने विचारलं. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी चमचा खाली ठेवला. मी घाईघाईने सांबाराकडे वळले.

उडुपीच्या सांबारात गूळ असतो. आपल्या आमटीसारखं ते जरासं गोडुस लागतं, म्हणून आपल्याकडच्या मुलांना ते चटकन आवडतं. पण रसमचं तसं नाही. ते असतं मिरीचं, चिंचेचं आणि कढत. चिमीचं लक्ष नेमकं त्या रसमच्या वाटीवर. लाल, वाफाळणारं आणि आईने "हात लावू नकोस" म्हणून बजावलेलं!

पुढचं सगळं एका क्षणात झालं. चिमी खुर्चीवर उभी राहिली, वाकली आणि तिचा हात वाटीच्या कडेला लागला. वाटी पालथी. नशीब की रसम तिच्या अंगावर न जाता टेबलावरून वाहत शेजारच्या काकांच्या पांढऱ्या पँटवर गेलं. काका ताडकन उठले. चिमीने असा काही सूर लावला की भटारखान्यातून दोघं बाहेर डोकावले. बहिणीचा चेहरा लाल. काका म्हणाले, "मुलं सांभाळता येत नाहीत तर आणता कशाला हॉटेलात?"

खरं सांगू? त्यांचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही. पँट त्यांची होती. पण मुलांना आणायचंच नाही, तर ती हॉटेलात बसायला शिकणार तरी कुठे? पलीकडच्या टेबलावर एक दोन वर्षांचं बाळ समोर मोबाइल उभा करून बसलं होतं. आई घास भरवत होती, ते गिळत होतं आणि आपण काय खातोय याचा त्याला पत्ताही नव्हता. शांत होतं, हे कबूल. बहिणीचा हातसुद्धा पर्समधल्या मोबाइलकडे गेला.

तेवढ्यात अण्णा आले. काकांना त्यांनी हात धरून बेसिनकडे नेलं, कोमट पाणी दिलं, आणि येताना एक स्टीलचा पेला आणि पसरट वाटी घेऊन आले. वाटीला तिकडे दवरा म्हणतात. पेल्यात दूध होतं. चिमीच्या रडण्याकडे त्यांनी मुळीच लक्ष दिलं नाही. टेबलाशी उभं राहून त्यांनी पेल्यातलं दूध वाटीत ओतलं. मग वाटीतलं पेल्यात. हात हळूहळू वर गेला आणि दुधाची धार हातभर लांब झाली. पेल्यात फेस उसळला. थेंबसुद्धा बाहेर नाही!

चिमीचा सूर मधेच तुटला.

"गरम होतं. आता गार झालं," अण्णा म्हणाले. "तू करणार? पण बसून करायचं. उभं राहून फक्त अण्णा करणार."

चिमी बसली! पुढची दहा मिनिटं ती जीभ बाहेर काढून दूध इकडून तिकडे करत होती. थोडं सांडलं, बाकीचं प्यायली. घरी दुधाच्या पेल्यामागे धावणाऱ्या तिच्या आईला काय वाटलं असेल, त्याची कल्पना तुमच्या आईला विचारा.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचंच.

टेबलावर रसमचं तळं तसंच होतं. अण्णांनी खांद्यावरचं फडकं काढून टेबलावर ठेवलं आणि ते रिकाम्या बशा उचलू लागले. आमचा बंटी शहाणा मुलगा. बहिणीने सांडलेलं आपण पुसावं असं त्याला वाटलं. त्याने फडकं उचललं आणि पुसायला सुरुवात केली. मी कौतुकाने बघत होते. आता अण्णा "शाब्बास" म्हणतील असंच मला वाटलं.

अण्णांनी त्याच्या हातातून फडकं काढून घेतलं. रागाने नव्हे, पण झटकन.

"हे नाही," ते म्हणाले. "घरी आईला मदत कर. इथे नाही."

बंटी गोंधळला. "का?"

गर्दी अजून वाढायची होती. अण्णा टेबल पुसत पुसत बोलले, ते तुटक तुटक. त्यांचं गाव कुंदापूरजवळ. ते मुंबईत आले १९७१ साली, गावच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर, बसने. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती पूर्ण झाली १९९८ मध्ये. मुंबईत येऊन सहा-सात महिने झाले आणि बांगलादेशची लढाई लागली. हॉटेलच्या काचांना काळे कागद लावले ते त्यांना पक्कं आठवतं, कारण ते चिकटवायचं काम त्यांच्याकडे होतं. फोर्टातलं ते हॉटेल आता नाही.

"किती वर्षांचे होतात तुम्ही?" बंटीने विचारलं.

"अकरा."

बंटी नऊ पुरा आहे. त्याने मनातल्या मनात वजाबाकी केलेली मला दिसली.

"वर्षभर हातात दुसरं काही नाही. फक्त हे," अण्णांनी फडकं दाखवलं. "सकाळी पाचला टेबल पुसायचं, रात्री अकराला त्याच टेबलावर झोपायचं."

"आणि शाळा?"

शाळा होती. रात्रीची. फोर्ट भागात तेव्हा कानडी रात्रशाळा चालत. हॉटेलांत दिवसभर राबणारी मुलं संध्याकाळी हातपाय धुऊन तिथे जाऊन बसत. कुणी पुस्तकावर डोकं ठेवून झोपून जाई. त्या शाळांतून शिकून काही जण पुढे हॉटेलांचे मालक झाले, काही चांगल्या नोकऱ्यांना लागले. अण्णा सातवी झाले. मग हॉटेलात पाळी बदलली, संध्याकाळची आली आणि शाळा सुटली.

त्यांनी हे सगळं अगदी साधेपणाने सांगितलं, जणू कालच्या पावसाबद्दल बोलावं तसं. मग म्हणाले, "माझी नात आहे याच्याएवढी. सुट्टीत येते तेव्हा म्हणते, आजोबा, तुमच्या हॉटेलात न्या."

"मग?" बहिणीने विचारलं.

"अजून नेलं नाही," अण्णा म्हणाले आणि बशा घेऊन आत गेले.

मुलांनो, तुमच्या आईबाबांना विचारा. त्यांच्या लहानपणी जवळजवळ प्रत्येक हॉटेलात एक पोऱ्या असायचा. अर्ध्या चड्डीतला, खांद्यावर फडकं टाकलेला, चार बोटं चार पेल्यांत बुडवून पाणी आणणारा. कुणी त्याला 'बारक्या' म्हणे, कुणी नुसतंच 'ए'. त्याचं खरं नाव कुणीच विचारत नसे. १९८६ मध्ये बालकामगारांविषयी कायदा झाला, पण धोक्याच्या कामांच्या त्याच्या यादीत हॉटेलं नव्हती. हॉटेलांत आणि ढाब्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. पुढे २०१६ मध्ये कायदा आणखी कडक झाला. आजही कुठे असा पोऱ्या दिसला तर १०९८ या नंबरावर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. मोठ्यांना करायला सांगा, किंवा स्वतः करा.

आम्ही बिल दिलं. पँटवाल्या काकांच्या कॉफीचे पैसे बहिणीने द्यायला काढले, तर काका म्हणाले, "राहू दे हो." आणि चिमीला त्यांनी एक बडीशेपेची पुडी दिली. निघताना चिमीने अण्णांना टाटा केला. त्यांच्या दोन्ही हातांवर बशा होत्या, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

फुलवाल्याकडून बहिणीने अबोलीचा गजरा घेतला, बागेला एक चक्कर झाली, आणि स्टेशनवर पोहोचेपर्यंत अकरा वाजून गेले. झालं! मेगाब्लॉक सुरू. डोंबिवलीची गाडी जलद मार्गावरून येणार होती, कधी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही बाकावर बसलो. चिमीने पाण्याची बाटली उघडून घेतली आणि झाकणात पाणी ओतून ते पुन्हा बाटलीत ओतायचा उद्योग सुरू केला. अर्धं पाणी तिच्या फ्रॉकवर.

बंटी बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "मावशी, तू लहान असताना तुमच्या इकडच्या हॉटेलात होता का पोऱ्या?"

होता. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, म्हणजे बंटीएवढीच. स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात बाबा आम्हाला डोसा खायला न्यायचे. तिथला पोऱ्या माझ्याच वयाचा असेल. एकदा मोठ्या माणसांसारखं टेबल वाजवून मी त्याला म्हटलं होतं, "ए बारक्या, पाणी आण!" सगळे हसले होते. मलाही खूप मजा वाटली होती. तो पाणी घेऊन आला होता, माझ्याकडे न बघता.

मी बंटीला हे सगळं सांगितलं, जसं झालं तसं.

"त्याचं नाव काय होतं?" त्याने विचारलं.

"मी विचारलं नव्हतं."

तेवढ्यात गाडी आल्याची घोषणा झाली आणि चिमीचं झाकण रुळांत पडलं.